अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या सहली आखणाऱ्या मराठी आयोजकांस खुले पत्र

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या सहली नेणारे सर्व मराठी सहल-आयोजक आणि त्यांची टूर मॅनेजर मंडळी यांस,

स. न. वि. वि.

यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, योसेमिटी अशी नावे असलेली आपली सहलपत्रके दर हंगामात घरोघरी येतात आणि आम्ही ती मन लावून वाचतो. त्यांत मुक्कामाच्या हॉटेलांपासून रात्रीच्या भारतीय जेवणापर्यंत सगळ्याचा हिशेब नेटका मांडलेला असतो. व्हिजिटर सेंटरच्या, म्हणजे उद्यानातल्या पाहुण्यांसाठीच्या माहिती केंद्राच्या, वाट्याला मात्र बहुतेक पत्रकांत एकच गोष्ट येते, ती म्हणजे 'फ्रेश होण्यासाठी' पंधरा-वीस मिनिटे, आणि तीही उद्यान पाहून झाल्यावर, परतीच्या वाटेवर. बस थांबते, स्वच्छतागृहापाशी रांग लागते, कोणी दुकानातून फ्रिजवर लावायचे मॅग्नेट घेते, तेवढ्यात मोजणी होते आणि बस सुटते. माझी विनंती या एका थांब्यापुरती आहे. व्हिजिटर सेंटर हा उद्यानातील पहिला थांबा असावा, त्यासाठी किमान एक तास राखावा, आणि तो तास विश्रांतीत न धरता स्थलदर्शनात धरावा.

ही इमारत मुळात कशासाठी उभी राहिली, हे पाहिले तर विनंतीमागचे कारण लक्षात येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारीने फिरणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की उद्यानांतले युद्धापूर्वीचे रस्ते, स्वच्छतागृहे आणि लहान लहान संग्रहालये पुरेनाशी झाली. ही उद्याने सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यान सेवा या सरकारी संस्थेची स्थापना १९१६ ची. तिच्या सुवर्णमहोत्सवापर्यंत ही दुरवस्था दूर व्हावी म्हणून तेव्हाचे संचालक कॉनराड वर्थ यांनी १९५६ मध्ये 'मिशन ६६' हा दहा वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातून शंभराहून अधिक व्हिजिटर सेंटरे बांधली गेली. माहितीची खिडकी, संग्रहालय, चित्रपटाचे दालन, परवान्यांचे टेबल आणि स्वच्छतागृह असे सगळे एका छताखाली आले, आणि इमारतीची जागाही शक्यतो अशी निवडली गेली की आत येणाऱ्याची गाडी आधी तिथेच वळावी. तेव्हा आपण हा थांबा शेवटी ठेवतो, त्या वेळी येण्याजाण्याची जी व्यवस्था विचारपूर्वक लावली आहे, तिच्या नेमके उलट जातो.

काही ठिकाणी तर केंद्र आणि प्रेक्षणीय स्थळ वेगळे काढताच येत नाहीत. युटा आणि कोलोराडोच्या सीमेवरील डायनोसॉर या ठिकाणी (दर्जाने ते उद्यान नसून राष्ट्रीय स्मारक आहे) मिशन ६६ मधली इमारत थेट जीवाश्मांच्या कड्याला भिडवून बांधली होती. खालची माती पाणी पिऊन फुगणारी निघाली, भिंती सरकू लागल्या, २००६ मध्ये इमारत बंद करावी लागली आणि २०११ मध्ये ती नव्या रूपात उघडली. सुमारे १,५०० हाडे आजही त्या कड्यात जशीच्या तशी दिसतात. अशा जागी वीस मिनिटांच्या थांब्याला काय अर्थ उरतो, हे आपणच ठरवावे.

पण माझा मुख्य मुद्दा यलोस्टोनचा आहे, कारण मराठी सहलींतले ते सर्वांत मोठे आकर्षण आहे आणि पत्रकातले वेळापत्रक सर्वांत जास्त फसते तेही तिथेच. ओल्ड फेथफुल हा गीझर (जमिनीतून थांबून थांबून उकळत्या पाण्याचा फवारा उडवणारा झरा) दर तासाला घड्याळ लावल्यासारखा उडतो, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. प्रत्यक्षात दोन उद्रेकांमधले अंतर बदलते आणि ते मागचा उद्रेक किती वेळ चालला यावर अवलंबून असते. उद्रेक अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा साधारण तासाभरात होतो, आणि तो त्याहून अधिक वेळ चालला तर दीड तास किंवा थोडे जास्त थांबावे लागते. मोठ्या उद्रेकात जमिनीखालच्या पोकळीतले पाणी आणि उष्णता जास्त खर्च होते आणि ती भरून यायला तितकाच अधिक वेळ लागतो, एवढेच त्यामागचे कारण. याचा व्यावहारिक अर्थ असा की एक उद्रेक संपल्याशिवाय पुढच्याची वेळ कोणालाच सांगता येत नाही. रेंजर, म्हणजे उद्यानाचे गणवेशधारी कर्मचारी, प्रत्येक उद्रेकानंतर पुढची वेळ मांडतात, ती दहा मिनिटे अलीकडे-पलीकडे धरून दहापैकी नऊ वेळा बरोबर येते आणि व्हिजिटर सेंटरमध्ये ती ठळकपणे लावलेली असते. मुंबईत किंवा पुण्यात बसून चार महिने आधी छापलेल्या पत्रकात 'सकाळी अकरा वाजता ओल्ड फेथफुल' असे लिहिता येणे शक्यच नाही.

आता प्रत्यक्ष दिवस डोळ्यांपुढे आणावा. समजा, बस ११ वाजून १० मिनिटांनी वाहनतळात शिरली. टूर मॅनेजर सगळ्यांच्या आधी उतरून केंद्रात गेला आणि तिथे पुढची वेळ १२.४० लिहिलेली दिसली. मग सगळ्यांनी सव्वाबारापर्यंत प्रदर्शन पाहावे, गीझर कसा चालतो ते समजून घ्यावे, बरोबरचे डबे उघडावेत आणि मग बाकांवर जाऊन बसावे. तेच तिथे ११.२० लिहिलेले असेल, तर आधी सरळ बाकांकडे निघावे आणि केंद्र नंतर पाहावे. दोन्ही पर्याय आधीपासून ठरलेले असले तर ज्येष्ठांना उन्हात ताटकळत बसावे लागत नाही आणि पाठ फिरताच फवारा उडाला असेही होत नाही. त्याच परिसरातल्या ग्रँड, कॅसल, डेझी आणि रिव्हरसाइड या गीझरांचे अंदाजही तिथेच मिळतात. ते अधिक सैल असतात खरे, पण जुळून आले तर ओल्ड फेथफुलपेक्षा देखणे काही पाहायला मिळते आणि गर्दीही कमी असते. हे सगळे मोबाइलवरही दिसते, असे कोणी म्हणेल. दिसते, परंतु यलोस्टोनच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, आणि असली तरी भर उन्हाळ्यातल्या गर्दीत तिचा भरवसा धरता येत नाही. उद्यान सेवेच्या अधिकृत ॲपमध्ये नकाशे आधी उतरवून ठेवता येतात. हे काम हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री सर्वांकडून करून घ्यावे.

यलोस्टोनमध्ये अशी केंद्रे एक नव्हे, अनेक आहेत आणि प्रत्येकाचा विषय वेगळा आहे. ओल्ड फेथफुलचे २०१० मध्ये उघडलेले केंद्र गरम पाण्याच्या चमत्कारांविषयी सांगते. कॅन्यन भागातले केंद्र जमिनीखालच्या महाज्वालामुखीची कथा सांगते. मॅमथचे केंद्र लष्कराच्या काळातल्या अधिकारी-निवासात आहे, कारण १८८६ ते १९१८ पर्यंत हे उद्यान अमेरिकी लष्कराने सांभाळले. आठच्या आकड्याच्या आकाराचा तिथला ग्रँड लूप रस्ता सुमारे १४२ मैलांचा आहे, त्यामुळे सगळी केंद्रे पाहण्याचा अट्टाहास नको. आपला मार्ग ज्या बाजूने आत शिरतो, त्या बाजूचे एक नीट पाहावे आणि बाकीच्यांपाशी खरोखरच फक्त फ्रेश व्हावे.

रेंजरला काय विचारायचे, हाही नियोजनाचाच भाग आहे. आपले लोक एक तर संकोचाने काही विचारतच नाहीत, नाही तर सगळे एकदम टेबलाभोवती गोळा होतात. 'इथे पाहण्यासारखे काय आहे?' या प्रश्नाला उत्तर देण्यात रेंजरची पाच मिनिटे जातात आणि आपल्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी टूर मॅनेजरने एकट्याने जावे आणि आपली परिस्थिती सांगावी: आम्ही तीस जण आहोत, बहुतेकांची साठी उलटलेली आहे, दोघांना गुडघ्यांचा त्रास आहे, एकाला चाकांची खुर्ची लागेल, हातात अडीच तास आहेत आणि बस मोठी आहे. एवढे ऐकले की रेंजर नकाशाची घडी उलगडतो, तो आपल्या बाजूला वळवून ठेवतो आणि पेनाने खुणा करू लागतो: हा वाहनतळ दहानंतर भरतो, ही लाकडी पायवाट सपाट आहे, या वळणावर आज सकाळी अस्वल दिसल्याने रस्ता तुंबला आहे, इथले स्वच्छतागृह दुरुस्तीला काढले आहे. त्या दिवसाची ही माहिती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, आणि ती विनामूल्य मिळते.

याच टेबलावर आणखी काही सोयी होतात, ज्यांचा आपल्या ज्येष्ठांना उपयोग होईल, पण ज्यांचा उल्लेख मला कोणत्याच पत्रकात आढळलेला नाही. अनेक केंद्रांत चाकांची खुर्ची तात्पुरती वापरायला मिळते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरील हर्मिट रोड १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी मोटारींना बंद असतो आणि तिथे उद्यानाच्या मोफत शटल बसनेच जावे लागते. पण ज्यांना चालणे कठीण आहे, त्यांच्या गाडीला खास परवाना मिळू शकतो आणि तो व्हिजिटर सेंटरमध्येही दिला जातो. लहान गटांना भाड्याच्या मोटारींतून नेणाऱ्या आयोजकांनी हे जरूर टिपून ठेवावे.

टूर मॅनेजर रेंजरशी बोलत असताना बाकीच्यांनी काय करावे? बहुतेक मोठ्या केंद्रांत वीस-पंचवीस मिनिटांचा माहितीपट असतो आणि उद्यानाची उंचसखल प्रतिकृती असते. माहितीपट इंग्रजीत असतो, आणि ज्यांना त्या भाषेचा सराव नाही ते ज्येष्ठ थंडगार अंधारात डुलकी काढतात, ही वस्तुस्थिती आहे. माझ्या मते त्यांना प्रतिकृतीभोवती उभे करून टूर मॅनेजरने पाच मिनिटे मराठीत बोलावे: आपण या दारातून आत आलो, ही नदी, हा कडा, दुपारी आपण इथे असू. एवढ्याने दिवसभर बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांची एकमेकांशी सांगड लागते. त्यासाठी टूर मॅनेजरने आदल्या रात्री अर्धा तास वाचन करावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत हा पहिला तास सर्वांत मोलाचा आहे आणि इथे मला थोडे कठोर लिहावे लागते. यलोस्टोनमध्ये अस्वल व लांडगे यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि बायसन (अमेरिकी गवे), एल्क (मोठ्या जातीचे हरीण) वगैरे प्राण्यांपासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. तिथला गवा मोठ्या शांतपणे चरताना दिसतो आणि माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो. उष्ण झऱ्यांभोवतीची जमीन वरून घट्ट दिसते, पण ती पातळ कवचासारखी असते आणि खाली उकळते पाणी असते. अशा पाण्यात भाजून त्या उद्यानात आजवर वीसहून अधिक लोक दगावले आहेत. बसमधल्या माइकवरून घाईघाईने दिलेल्या सूचना कोणी मनावर घेत नाही. केंद्रातली चित्रे आणि रेंजरचा गणवेश यांचा परिणाम वेगळाच होतो.

ग्रँड कॅन्यनचेही तसेच. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंच आहे, तिथली हवा सुखद असते, आणि दरीच्या तळाशी मात्र तपमान सुमारे ११ अंश सेल्सिअसने अधिक असू शकते. आपल्याकडे डोंगर म्हणजे आधी चढ आणि मग उतार, त्यामुळे दमलेला माणूस वेळीच मागे फिरतो. इथे उतार आधी असतो आणि दमल्यावर चढ सुरू होतो. खाली जाणे ऐच्छिक आहे, वर येणे सक्तीचे, असा इशारा उद्यानाचे लोक देतात आणि उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरायला सांगतात. 'अर्धा तास मोकळा, ज्यांना हवे त्यांनी थोडे खाली उतरून यावे' असे सांगणाऱ्या टूर मॅनेजरने हा हिशेब आधी करावा: दहा मिनिटे खाली, वीस मिनिटे वर, संपला अर्धा तास.

डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीक केंद्राबाहेर तपमान दाखवणारा एक मोठा फलक आहे. त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढण्यासाठी उन्हाळ्यात अक्षरशः रांग लागते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण १० जुलै १९१३ रोजी याच भागात ५६.७ अंश सेल्सिअस तपमानाची नोंद झाली होती. फोटो झाला की मंडळी तशीच बसमध्ये परततात. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नये, हा सल्ला दरवाजाच्या आत मिळतो.

एका केंद्राच्या बाबतीत मात्र माझी शिफारस उलटी आहे. रॉकी माउंटन उद्यानातले अल्पाइन व्हिजिटर सेंटर ११,७९६ फुटांवर आहे, उद्यान सेवेच्या सगळ्या केंद्रांत सर्वांत उंच. ते फक्त तिथवर जाणारा ट्रेल रिज रोड उघडा असतानाच्या उन्हाळी महिन्यांत चालू असते. इतक्या उंचीवर हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना तासभर थांबवणे शहाणपणाचे नाही. तिथे आवरते घ्यावे आणि नियोजनाचा तास खाली, पायथ्याच्या बीव्हर मेडोज केंद्रात घालवावा.

झायनमध्ये हंगामात मुख्य दरीतल्या रस्त्यावर खासगी मोटारी सोडत नाहीत आणि शटल व्हिजिटर सेंटरपासूनच सुटते, म्हणजे तिथला थांबा टाळताच येत नाही. वाहनतळ मात्र सकाळी लवकर भरतो. शिवाय त्या भागात फिरताना घड्याळाचा एक घोळ नेहमी होतो. युटामध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे नेतात, ॲरिझोनात नेत नाहीत, आणि ॲरिझोनातच असलेल्या नवाहो नेशनच्या प्रदेशात पुन्हा नेतात. सीमेजवळ मोबाइल कोणती वेळ दाखवेल याचा नेम नसतो. केंद्र पाच वाजता बंद होणार असेल तर ते कोणत्या पाच वाजता, हे पत्रकात लिहून टाकावे.

नातवंडांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी ज्युनिअर रेंजर ही या उद्यानांतली सर्वांत गोड योजना आहे आणि नेमकी तीच आपल्या वेळापत्रकात बसत नाही. मुलाला केंद्रात एक पुस्तिका मिळते, बहुतेक ठिकाणी मोफत. त्यातली कोडी, निरीक्षणे आणि चित्रे दिवसभरात पूर्ण करून ती रेंजरला दाखवायची असते. रेंजर ती खरोखर तपासतो, एखादा प्रश्न विचारतो, मग मुलाला उजवा हात वर करायला लावून शपथ देतो आणि बिल्ला हातात ठेवतो. आजूबाजूची अनोळखी माणसे टाळ्या वाजवतात. हे जमायचे तर पुस्तिका सकाळी घेतलेली हवी आणि केंद्र बंद होण्याआधी परत जायला हवे. फक्त शेवटी थांबणाऱ्या बसमधल्या मुलाच्या हाती कोरी पुस्तिका तेवढी पडते.

आता थोडे शुल्क आणि बंद दरवाजांविषयी. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे आणि यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन यांच्यासह ११ उद्यानांत पास नसलेल्या, १६ वर्षे व त्यावरील परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. ही रक्कम सहलीच्या किमतीत धरली आहे की नाही, हे ठळक अक्षरांत छापावे. प्रवेशद्वारापाशी बसमध्ये वर्गणी गोळा करण्याची वेळ कोणावरही येऊ नये. काही प्रवेशद्वारांवर रोख पैसे घेतही नाहीत.

केंद्र बंद असू शकते, हेही गृहीत धरावे. हवाईतल्या किलाउएया ज्वालामुखीजवळचे केंद्र मार्च २०२५ मध्ये मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झाले आणि त्याचे काम तात्पुरते दुसरीकडे हलवले गेले. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात अमेरिकी सरकारचे कामकाज थंडावले होते, तेव्हा अनेक उद्याने उघडी आणि त्यांतली व्हिजिटर सेंटरे बंद अशी अवस्था होती. प्रत्येक उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर सूचनांचे पान असते. ते आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा निघण्याआधी पाहणे टूर मॅनेजरच्या कामाच्या यादीत असावे.

एका तासाने दिवसाचे एक स्थळ कमी होईल, ही आपली अडचण मला समजते, कारण पत्रकातल्या स्थळांची संख्या पाहून सहल निवडणारे ग्राहक आम्हीच आहोत. त्यावर माझी सूचना अशी की पत्रकात व्हिजिटर सेंटरला स्वतंत्र ओळ द्यावी, तिथे काय पाहायला मिळते ते दोन वाक्यांत लिहावे आणि ते स्थळांच्या यादीत मोजावे. दुकानासाठी शेवटची दहा मिनिटे वेगळी ठेवावीत. ती दुकाने बहुधा उद्यानांना मदत करणाऱ्या ना-नफा संस्था चालवतात, त्यामुळे तिथल्या खरेदीला माझा विरोध नाही, फक्त ती आधी नको.

येत्या उन्हाळ्याची पत्रके छापायला जाण्यापूर्वी निदान यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन या दोन उद्यानांच्या दिवसांत हा बदल करून पाहावा. ज्यांना तो शक्य नसेल, त्यांनी अडचण बसची आहे, चालकाच्या कामाच्या तासांची आहे की हॉटेलच्या अंतराची, ते कळवावे. बसची किंवा अंतराची असेल, तर मुक्काम उद्यानाच्या जवळ हलवण्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला आमच्यापैकी अनेक जण तयार आहेत, आणि तसे आम्ही बुकिंगच्या वेळी लेखी देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपल्या सहलींतील एक प्रवासी